हंस कुणाचा? नेदरलँड्समधील पक्षिशिकारीचे कायदे आणि आपले पहिले शील

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातील शनिवार होता. बार्नच्या स्थानकावर उतरून आम्ही बारा-तेरा जण एम नदीच्या दिशेने चालू लागलो. आमच्या मंडळाची ही दरवर्षीची शरद ऋतूतील पदयात्रा. नदीपलीकडे एमपोल्डरची सपाट, ओली, हिरवी कुरणे पसरलेली असतात आणि याच सुमारास तेथे उत्तरेकडून हंस उतरू लागतात. सायबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात घरटी करून, पिल्ले वाढवून, हजारो किलोमीटरचे अंतर कापून ते या सखल देशात हिवाळा काढावयास येतात. पांढऱ्या कपाळाचे हंस तर येथे लाखोंच्या संख्येने उतरतात. ते थव्याने उतरताना जो कलकलाट होतो तो ऐकला की आमच्यातील वडीलधाऱ्यांना गोदावरीकाठच्या जायकवाडीची आठवण येते, कारण हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब तेथेही हिवाळ्यात असेच उतरतात.

डच भाषेत या पक्ष्याला 'खान्स' म्हणतात. संस्कृतातील 'हंस' आणि हा 'खान्स' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. येथे नव्याने आलेल्या आमच्या मुलांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते. आमच्या धम्मवर्गातील प्रत्येक मुलाने सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्या गोष्टीचे चित्र कधी ना कधी काढलेले असते. देवदत्ताने बाण मारून पाडलेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, त्याची शुश्रूषा केली, आणि पक्षी कुणाचा हा वाद निवाड्यासाठी गेला तेव्हा मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा अधिकार मोठा ठरला. मुलांच्या चित्रांत तो पक्षी नेहमी हंसच असतो.

त्या दिवशी आम्ही बांधावर उभे असताना दूरच्या शेतांकडून बंदुकीचे दोन बार ऐकू आले. थोड्या वेळाने आणखी एक. पाण्यावरची बदके एकदम उडाली. आमच्यातील एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "मावशी, इथे देवदत्ताला कुणी अडवत नाही का?"

तेथे उभ्या असलेल्या आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणालाही नीट उत्तर देता आले नाही. या देशात आम्ही दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे राहत आहोत. येथील करांचे नियम, शाळांचे नियम, सायकलींचे नियम आम्हाला ठाऊक आहेत. परंतु पक्ष्यांना केव्हा मारता येते, कुणाला मारता येते आणि का मारता येते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. पुढील काही महिन्यांत आम्ही ते समजून घेतले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

बंदुकीचे दिवस

आम्हाला पहिला धक्का बसला तो असा की या देशात खऱ्या अर्थाने 'शिकारीचे' म्हणता येतील असे पक्षी कायद्याने केवळ तीन ठेवले आहेत. विल्डे एंट म्हणजे रानबदक, हाउटदाउफ म्हणजे रानकबूतर, आणि फझंट. त्यांच्या जोडीला ससा आणि कोनेन, म्हणजे बिळात राहणारा लहान ससा, असे दोन प्राणी. एवढीच ती पाच नावांची यादी आहे. यांपैकी फझंट स्थानिक आहे. रानबदके व रानकबुतरे मात्र येथे बारमाही राहणारीही असतात आणि शरद ऋतूत उत्तर व पूर्व युरोपातून येणारीही असतात. म्हणजे प्रवासी पक्ष्यांच्या शिकारीचा प्रश्न या दोघांभोवती आहे.

रानबदकाचा हंगाम १५ ऑगस्ट ते ३१ जानेवारी, आणि रानकबुतराचा १५ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी असा ठरलेला आहे. या तारखा कुणाच्या सोयीने ठरलेल्या नाहीत. २ एप्रिल १९७९ रोजी युरोपीय समुदायाने पक्षिसंरक्षणाचा एक निर्देश संमत केला. त्याच्या प्रास्ताविकात स्थलांतरित पक्षी हा सर्व सदस्य देशांचा सामाईक वारसा आहे, अशी भूमिका घेतलेली आहे. त्याच निर्देशातील सातव्या कलमाने शिकारीला एक मर्यादा घातली. घरटी व पिल्ले यांच्या काळात शिकार करावयाची नाही, आणि स्थलांतरित पक्षी आपल्या प्रजननस्थळाकडे परतीच्या वाटेवर असतील तेव्हाही करावयाची नाही. जो पक्षी हिवाळा सोसून परत निघाला आहे, ज्याच्यावर पुढची पिढी अवलंबून आहे, त्याला वाटेत गाठणे हा अन्याय आहे, हे तत्त्व त्या तारखांच्या मुळाशी आहे. रानबदकांच्या जोड्या हिवाळा संपण्यापूर्वीच जमू लागतात. म्हणून जानेवारीच्या अखेरीस बंदुका खाली ठेवाव्या लागतात.

हंगामात सुद्धा सर्व दिवस मोकळे नसतात. रविवारी शिकार करता येत नाही. नववर्षदिनी आणि नाताळच्या दोन्ही दिवशी करता येत नाही. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर करता येत नाही. बदकांची हालचाल पहाटे आणि सांजवेळी होते, म्हणून त्यांच्यापुरती दोन्ही टोकांना अर्ध्या तासाची सवलत मिळत आली आहे. कडाक्याची थंडी पडून पाणी गोठले आणि पक्षी उपासमारीने दुबळे झाले, तर प्रांताचे सरकार शिकार काही काळ बंद करू शकते. दुबळ्या पक्ष्याला मारणे हे येथील शिकाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतातही कमीपणाचे मानले जाते.

बंदूक कुणालाही हाती घेता येत नाही. त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशी परीक्षा द्यावी लागते, विमा घ्यावा लागतो, परवाना मिळवावा लागतो. शिकारीचा हक्क जमिनीशी बांधलेला आहे. जमिनीचा मालक किंवा कसणारा यांच्याकडून तो मिळतो, आणि बंदुकीने शिकार करावयाची तर सलग किमान ४० हेक्टरांचे क्षेत्र असावे लागते. ज्याच्याकडे हा हक्क आहे त्याच्यावर आपल्या क्षेत्रातील त्या प्राण्यांची संख्या योग्य प्रमाणात राखण्याचे कर्तव्यही कायद्यानेच घातलेले आहे. छर्रेदेखील कसले वापरावयाचे हे ठरलेले आहे. नेदरलँड्सने १९९३ मध्येच शिकारीतील शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली. बदके अन्न दळण्यासाठी पोटात बारीक खडे घेतात. पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून ती गिळतात, आणि जी बंदुकीतून वाचली ती विषबाधेने मरतात. संपूर्ण युरोपीय संघात पाणथळ जागी हीच बंदी लागू व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडले.

हंस यादीत नाही

आम्हाला दुसरा धक्का बसला तो हंसांच्या बाबतीत. एके काळी येथे कलहंस आणि पांढऱ्या कपाळाचे हंस हे शिकारीचे पक्षी होते. १ एप्रिल २००२ रोजी नवा वन्यजीव कायदा लागू झाला आणि हंस शिकारीच्या यादीतून वगळले गेले. पुढे २०१७ मध्ये तो कायदा बदलला, २०२४ मध्ये पुन्हा एका नव्या एकत्रित कायद्यात सामावला गेला. परंतु हंस पुन्हा त्या यादीत आलेला नाही.

याचा अर्थ हंस मारले जात नाहीत असा मात्र नाही. ते मारले जातात, आणि संख्येने पुष्कळ मारले जातात. फरक आहे तो कारणाचा. यादीतील रानबदक मारणाऱ्याला 'का मारलेस' असे हंगामात कुणी विचारत नाही. हंस मारावयाचा असेल तर आधी कारण दाखवावे लागते. सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता, विमानांची सुरक्षितता, पिकांचे मोठे नुकसान, किंवा इतर वनस्पती व प्राणी यांचे रक्षण, असे काही. त्याशिवाय दुसरा समाधानकारक उपाय उरलेला नाही, हेही दाखवावे लागते. बाराही प्रांतांमध्ये यासाठी वन्यजीव व्यवस्थापनाच्या संस्था असतात. त्या आराखडा तयार करतात आणि प्रांताकडून परवानगी घेतात. अनेक प्रांतांनी हिवाळ्यासाठी काही कुरणे पाहुण्या हंसांना विश्रांतीची म्हणून राखून ठेवली आहेत. तेथे त्यांना हुसकावावयाचे नाही, आणि त्यांनी खाल्लेल्या गवताची भरपाई शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून द्यावयाची. ही भरपाई दरवर्षी कोट्यवधी युरोंच्या घरात जाते.

त्या शनिवारी परतताना एका गोठ्यापाशी आम्ही पाणी मागितले होते. तेथील शेतकरी बाई साठीच्या असाव्यात. त्यांच्याशी पुढेही दोनदा बोलणे झाले. त्या म्हणाल्या, "हंस मला आवडतात. ते आले नाहीत तर हिवाळा आला असे वाटत नाही. पण मार्चमध्ये माझ्या गायींसाठी राखलेले पहिले कोवळे गवत ते खाऊन टाकतात. भरपाई मिळते, पण पैसे गायी खात नाहीत." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या धर्मात चालते का हे, प्राणी मारणे?"

आम्ही 'नाही' म्हणालो. ते उत्तर खरे होते, पण पुरते नव्हते. परतीच्या गाडीत आमच्यातील एका काकूंनी ते बोलून दाखवले. "आपण तिला 'नाही' म्हणून आलो, आणि उद्या रविवार. आपल्यातल्या किती घरांत उद्या कोंबडी शिजणार आहे?" गाडीत हशा पिकला, पण प्रश्न तसाच राहिला.

इच्छा आणि गरज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेविषयी जे विवेचन केले आहे ते आम्ही त्यानंतरच्या अभ्यासवर्गात पुन्हा काढून वाचले. बाबासाहेब तेथे दोन भेद करतात. एक भेद नियम आणि तत्त्व यांतील. नियम माणसाला बांधतो, तो पाळला किंवा मोडला जातो. तत्त्व माणसाला विचार करावयास मोकळे ठेवते आणि त्याबरोबर जबाबदारही ठेवते. बुद्धाची अहिंसा बाबासाहेबांच्या मते तत्त्व आहे. दुसरा भेद मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील. एका टोकाला यज्ञातील हत्या आहे, जिच्यात मारण्याची इच्छाच धर्म बनली. दुसऱ्या टोकाला कोणत्याही स्थितीत न मारण्याचा आग्रह आहे. बुद्धाची वाट या दोन टोकांच्या मधून जाते, आणि सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री हा तिचा पाया आहे. ज्याच्या ठायी ती मैत्री आहे त्याला मारण्याची इच्छाच होत नाही.

हे वाचताना आमच्या लक्षात आले की डच कायद्यानेही, बुद्धाचे नाव न घेता, जवळजवळ हीच रेघ ओढलेली आहे. हंसांच्या बाबतीत तो विचारतो, गरज दाखवा. दुसरा उपाय करून पाहिलात का? कापडी बुजगावणी लावलीत का, आवाज करून हुसकावलेत का, शेजारचे कुरण त्यांच्यासाठी मोकळे ठेवलेत का? पाच प्राण्यांच्या यादीत मात्र तो हा प्रश्न विचारत नाही. तेथे तो इच्छेला वाट देतो आणि फक्त तिच्याभोवती तारखांचे व तासांचे कुंपण घालतो.

या दृष्टीने पाहिले की या देशातील वाद समजू लागतात. रानबदकांची येथील प्रजननसंख्या गेल्या काही दशकांत घटली आहे. मग त्यांना यादीत ठेवावे का, असा प्रश्न पक्षिमित्र विचारतात. शिकारी म्हणतात की आम्हीच पाणथळी राखतो, आम्हीच गणना करतो, आणि आम्ही मारलेले बदक मोकळ्या आकाशाखाली जगलेले असते, कारखान्यात वाढलेल्या कोंबडीचे तसे नसते. या शेवटच्या म्हणण्यापुढे आम्ही गप्प झालो. दुकानातून बंद डब्यात येणाऱ्या कोंबडीच्या आयुष्याला हंगाम नाही, रविवारची सुटी नाही, कसलेही कुंपण नाही. तिला मारणारा हात दिसत नाही, म्हणून ती इच्छा आपली नव्हतीच, असे आपण समजतो.

गरजेचा दावा सुद्धा तपासूनच घ्यावा लागतो. ६ जून २०१० रोजी स्खिपोल विमानतळावरून निघालेल्या एका प्रवासी विमानाची कॅनडा हंसांच्या थव्याशी टक्कर झाली. एक इंजिन निकामी झाले, आणि विमान कसेबसे परतून सुखरूप उतरले. त्या विमानात आपल्यापैकी कुणीही असू शकले असते. त्यानंतर विमानतळाच्या परिसरात हंसांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न वाढले. कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य हंसांना बोलावते, म्हणून ती शेते लगेच नांगरली जातात. पक्ष्यांवर पाळत ठेवणारी पथके फिरतात. आणि उन्हाळ्यात पिसे गळाल्यामुळे हंसांना उडता येत नाही, त्या आठवड्यांत त्यांना वेढून, पकडून, कार्बन डायऑक्साइड वायूने मारलेही जाते. येथे गरज खरी आहे, हे आम्ही नाकारू शकत नाही. परंतु उडता न येणाऱ्या जिवाला वेढून मारण्याची वेळ येण्यापूर्वी इतर सर्व उपाय संपले होते का, हे दरवर्षी नव्याने विचारले गेले पाहिजे. गरज एकदा सिद्ध झाली म्हणून ती कायमची सिद्ध होत नाही.

सम्राटाची यादी

शिकारीचे हंगाम ही पाश्चात्त्यांची आधुनिक कल्पना आहे, असे आमच्यातील काहींना वाटत होते. तो समज सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाने दूर केला. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर अशोकाने तो लिहविला. त्यात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची नावनिशीवार यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस यांची नावे त्यात आहेत. काही ठरावीक तिथींना, पौर्णिमेच्या आसपास आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारावयाचे नाहीत आणि विकावयाचेही नाहीत, अशी आज्ञा आहे. हत्तींच्या राखीव वनांत व मासेमारीच्या जागी त्या दिवशी इतर प्राण्यांनाही अभय आहे. म्हणजे संरक्षित प्राण्यांची यादी, बंदीचे दिवस आणि राखीव जागा, ही आजच्या कोणत्याही शिकारकायद्याची तीन अंगे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली होती. नेदरलँड्समधील रविवारची बंदी आणि मगधातील उपोसथाची बंदी यांत एक नाते आहे. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक दिवस तरी हात थांबवावा, म्हणजे इतर दिवशीही तो उचलण्यापूर्वी माणूस विचार करील.

अशोकाचा प्रामाणिकपणाही लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी राजवाड्याच्या पाकशाळेसाठी रोज असंख्य प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे हेही थांबेल. सम्राटाने आपल्या स्वयंपाकघरातील उरलेली हिंसा प्रजेपासून लपवली नाही. शेतकरी बाईंना 'नाही' एवढेच सांगून निघालेल्या आम्हाला तो लेख वाचताना थोडी लाज वाटली.

त्या यादीतील चक्रवाकाची एक गोष्ट आमच्या पदयात्रेच्या वाटेवरच सापडली. नारिंगी अंगाचा हा पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातील उजनी, जायकवाडी अशा जलाशयांवर दिसतो. एमपोल्डरच्या उत्तरेला एममेर नावाचे विस्तीर्ण पाणी आहे. तेथे उन्हाळ्यात शेकडो चक्रवाक पिसे गाळण्यासाठी एकत्र जमतात. कड्या व खुणा घालून केलेल्या अभ्यासातून कळले की ते जर्मनी व स्वित्झर्लंडमधून येतात. त्यांचे पूर्वज माणसांच्या पिंजऱ्यांतून सुटले असावेत असे मानले जाते. म्हणून त्यांना येथील म्हणावे की परके, यावर अभ्यासकांत चर्चा असते. हिमालय ओलांडणारा आपला पट्टकादंब येथे तुरळक दिसतो. तोही पाळलेल्यांतून सुटलेला, म्हणून कायद्याच्या लेखी परकाच आहे, आणि सायबेरियातून आलेल्या पाहुण्याला मिळणारे संरक्षण त्याला नाही. परक्या जातींमुळे स्थानिक जीवसृष्टीला धोका पोहोचतो, हे शास्त्र आम्ही मान्य करतो. तरीही 'येथला कोण आणि परका कोण' ही यादी वाचताना आमचे मन थोडे चरकले, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नियम कुणासाठी

आपल्या मायदेशाकडे पाहिले तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याने होणारी शिकार आधी मर्यादित केली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्णपणे बंद केली. आज भारतात छंद म्हणून पक्षी मारण्याचा हंगामच नाही. या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे. परंतु त्या कायद्यामागचा इतिहास आपल्यासारख्यांनी विसरून चालणार नाही.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. त्याच काळात महाराष्ट्रातील फासेपारधी समाज फाशांनी तित्तर आणि लावे पकडून पोट भरत होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने अशा समाजांच्या कपाळी जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का मारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, माणसांच्या मनांतील शिक्का पुष्कळ ठिकाणी गेला नाही. पुढे शिकारबंदी आली तेव्हा ज्यांनी छंदासाठी मारले त्यांनी बंदुका भिंतीवर टांगल्या आणि ते निसर्गप्रेमी झाले. ज्यांनी पोटासाठी पकडले त्यांच्या हाती दुसरे काम कुणी दिले नाही. बंदी योग्यच होती. मात्र इच्छेची आणि गरजेची हिंसा तिने एकाच तराजूत तोलली, आणि गरजेची किंमत सर्वांत दुबळ्यांकडून वसूल केली. येथे गवत गेलेल्या शेतकऱ्याला भरपाई मिळते हे पाहताना आम्हाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

कला हाती असलेल्यांना दुसरे काम देता येते, याचे उदाहरण याच देशात आहे. फ्रिसलंड प्रांतात सोन चिखल्या हा स्थलांतरित पक्षी जाळ्याने पकडण्याची जुनी परंपरा होती. माळावर जाळे अंथरायचे, लाकडी पक्षी मांडायचे, शिटीने हुबेहूब आवाज काढायचा, आणि थवा उतरताच दोरी ओढायची. पकडलेले पक्षी बाजारात जात. १९७८ मध्ये ते थांबले. परंतु जाळे टाकणाऱ्यांची विद्या वाया गेली नाही. आज त्याच पद्धतीने, त्याच शिट्यांनी पक्षी बोलावले जातात, त्यांच्या पायात कडी घातली जाते, वजन-माप घेतले जाते आणि त्यांना सोडून दिले जाते. सोन चिखल्या कोणत्या वाटेने जातो आणि किती वर्षे जगतो, याचे ज्ञान या माणसांच्या हातांतून आले आहे. भारतातही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूरला पक्ष्यांना कडी घालण्याचे काम केले, तेव्हा बिहारमधील मीरशिकार समाजाच्या पिढीजात पक्षी पकडणाऱ्यांची मदत घेतली होती. हात तेच, कौशल्य तेच, फक्त मारण्याची इच्छा त्यातून निघून गेली. अंगुलिमालाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आम्हाला यात नवल वाटू नये, तरी वाटले.

आपले पाऊल

या साऱ्या वाचनातून व बोलण्यातून आम्ही काही गोष्टी स्वतःपुरत्या ठरवल्या. हिवाळ्यात पोल्डरमध्ये जाताना बांध आणि रस्ता सोडून कुरणात शिरावयाचे नाही. थवा एकदा उडाला की त्याची साठवलेली शक्ती खर्च होते आणि ती भरून काढण्यासाठी तो आणखी गवत खातो. म्हणजे आपल्या एका छायाचित्राची किंमत पक्षी आणि शेतकरी दोघेही मोजतात. या देशात पक्षिगणनेचे काम हजारो स्वयंसेवक करतात, आणि त्या आकड्यांवरच हंगाम आणि परवानग्या ठरतात. आमच्यातील चौघांनी यंदापासून त्या कामात भाग घेतला आहे. आणि उपोसथाच्या दिवशी घरात मांस शिजवावयाचे नाही, असे आमच्यातील काही कुटुंबांनी ठरवले आहे. कुणावर सक्ती नाही. सम्राटाने जेथून आरंभ केला तेथूनच आपणही करावा, एवढेच.

मार्चच्या मध्यावर आम्ही पुन्हा एमपोल्डरला गेलो. हंस परतीच्या तयारीत होते. त्या महिन्यात त्यांना वाटेत न मारण्याचे वचन अनेक देशांनी मिळून दिलेले आहे. स्थलांतरित पाणपक्ष्यांसाठी आफ्रिका आणि युरेशिया यांमधील राष्ट्रांचा करार १९९५ मध्ये द हेग येथेच झाला, हे आम्ही मुलांना तेथे सांगितले. गोठ्यापाशी त्या बाई भेटल्या. आम्ही त्यांना म्हणालो, "मागच्या वेळी आम्ही अर्धेच उत्तर दिले होते. आमच्या धम्मात मारण्यापूर्वी स्वतःला विचारावे लागते, ही गरज आहे की इच्छा? आणि ते आम्हालाही विचारावे लागते, तुमच्याआधी." त्यांनी काही क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "मग आमचा कायदा आणि तुमचा बुद्ध यांना एकत्र बसवायला हवे."

ऑक्टोबरमध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी थव्याकडे पाहत होती. तिला आम्ही सांगितले की येथे देवदत्ताला अडवतात, पण पुरते नाही आणि सर्वत्र नाही. म्हणून निवाडा करणाऱ्या सभेत आपणही बसावे लागते. हंस कुणाचा हा प्रश्न अजून चालू आहे.

पुढील पदयात्रा जुलैच्या अखेरीस एममेरच्या काठी, चक्रवाक पाहण्यासाठी आहे. दुर्बीण असेल त्यांनी आणावी. नसेल त्यांनीही यावे. जय भीम, नमो बुद्धाय.